पापुद्र्याखालचा लेसर : शिराझच्या डॉ. घोलाम पेमन यांचं काम सोप्या भाषेत

लेसिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवायचं लेसरचं ऑपरेशन, करून आलेल्या माणसाला विचारा, डोळ्यात नेमकं काय केलं? "लेसर मारला" एवढंच उत्तर येतं. ते चूक नाही, पण अर्धं आहे. लेसिकमध्ये लेसर डोळ्याच्या वरच्या पृष्ठभागाला लागतच नाही. आधी कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्याचा, एक पातळ पापुद्रा पुस्तकाच्या पानासारखा उलटतात. खाली जो भाग उघडा पडतो त्यावर लेसर चालतो आणि मग पान पुन्हा जागेवर बसवतात. नंबर लेसरनं जातो हे खरं. पण दुसऱ्या दिवशी माणूस डोळे उघडून निवांत टीव्ही बघतो, ते या पापुद्र्यामुळे.

पापुद्रा उचला, खाली एक्सायमर नावाचा अतिनील किरणांचा लेसर चालवा, पापुद्रा परत ठेवा, हा क्रम १९८५ साली अमेरिकेतल्या एका पेटंटच्या अर्जात लिहिला गेला. अर्ज करणारे होते डॉ. घोलाम पेमन. जन्म इराणमधल्या शिराझचा, वैद्यकीचं शिक्षण जर्मनीत, सारी कारकीर्द अमेरिकेत. आणि गंमत म्हणजे ते कॉर्नियाचे डॉक्टर नव्हतेच. ते डोळ्याच्या मागच्या पडद्याचे, रेटिनाचे सर्जन.

त्यांचं काम समजून घ्यायचं तर आधी नंबर म्हणजे काय ते थोडक्यात पाहू.

बाहेरून येणारे प्रकाशकिरण वाकवून ते मागच्या रेटिनावर एकत्र आणणं हे डोळ्याचं काम. किरण वाकवायची डोळ्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर धरतात (चष्म्याचा नंबरही याच एककात मोजतात). त्यातली ४३ च्या आसपास ताकद एकट्या कॉर्नियाची, उरलेली आतल्या भिंगाची. हा कॉर्निया सुमारे साडेअकरा मिलिमीटर रुंद आणि मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्यात एकही रक्तवाहिनी नाही, म्हणून तर तो पारदर्शक आहे. मज्जातंतू मात्र खच्चून भरलेले. धुळीचा कण गेला तरी माणूस हैराण होतो, त्याचं कारण हेच.

मायनस नंबर बहुतेक वेळा डोळ्याच्या लांबीमुळे येतो. डोळा पुढून मागे जरा जास्त लांब असला की किरण रेटिनाच्या अलीकडेच एकत्र येतात आणि लांबचं धूसर दिसतं. डोळ्याची लांबी कमी करणं कोणाच्या हातात नाही. पण पुढचा कॉर्निया थोडा चपटा केला तर किरण कमी वाकतील आणि नेमके पडद्यावर पडतील. मायनस ५ चा नंबर घालवायला कॉर्नियाच्या मध्यभागातून काढावं लागतं ते फक्त ६० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरचा सोळावा भाग. सगळी लढाई या सोळाव्या भागाची आहे.

ही लढाई पेमन यांच्या आधीपासून चालू होती. मूळचे बार्सिलोनाचे होझे बाराकेर यांनी कोलंबियात, बोगोटा शहरात, १९४० च्या दशकाच्या अखेरीस एक धाडसी पद्धत मांडली. कॉर्नियाची वरची चकती कापून वेगळी काढायची, ती गोठवायची, लेथवर घासून तिला हवा तो आकार द्यायचा आणि मग टाके घालून डोळ्यावर परत शिवायची. ऐकूनच अंगावर काटा येतो. हे जमणारे सर्जन जगात मोजकेच होते. पण चकती कापण्याचं जे हत्यार बाराकेर यांनी घडवलं, मायक्रोकेराटोम, ते पुढे फार कामाला आलं. दुसरीकडे मॉस्कोत श्व्यातोस्लाव फ्योदोरोव्ह यांनी कॉर्नियावर चाकाच्या आऱ्यांसारख्या चिरा पाडून तो चपटा करण्याची पद्धत लोकप्रिय केली. तिथं अडचण उशिरा कळली. अशा डोळ्यांवर अमेरिकेत १० वर्षं लक्ष ठेवलं तेव्हा ४३ टक्के डोळे निदान १ नंबरानं प्लसच्या बाजूला सरकलेले आढळले. चिरा पडलेला कॉर्निया वर्षानुवर्षं ढिला पडत राहतो.

आता पेमन यांच्याकडे येऊ.

त्यांचा जन्म १९३७ चा. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते शिराझ सोडून जर्मनीला गेले आणि १९६२ मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठातून डॉक्टर झाले. मग डुइसबुर्ग इथं इंटर्नशिप, काही काळ अमेरिकेतल्या न्यू जर्सीतलं एक रुग्णालय, पुन्हा जर्मनीत एसेन इथं नेत्ररोगाचं प्रशिक्षण. ते १९६९ मध्ये संपलं. त्यानंतर लॉस एंजेलिसच्या जूल्स स्टाइन नेत्रसंस्थेत रेटिनाचं खास शिक्षण. १९७१ पासून ते शिकागोला, इलिनॉय विद्यापीठात होते. तिथून १९८७ मध्ये न्यू ऑर्लिन्स. मातृभाषा फारसी, वैद्यकी शिकले जर्मनमधून आणि आयुष्यभर शिकवलं इंग्रजीतून. परदेशात मेडिकलला गेलेली पोरं ज्यांच्या घरात आहेत त्यांना यातले कष्ट वेगळे सांगायला नकोत.

लेसिकचे जनक म्हणून त्यांचं नाव झालं, त्यामुळे रेटिनातलं त्यांचं काम झाकलं गेलं. मला तर ते काम लेसिकइतकंच मोलाचं वाटतं. शिवाय लेसिकची कल्पना त्यांनाच का सुचली, तेही त्यातून कळतं.

डोळ्याच्या आत भिंगाच्या मागे एक पारदर्शक चिकट गर भरलेला असतो, साधारण ४ मिलिलिटर. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर किंवा डोळ्याला मार लागून या गरात जंतू शिरले, तर काही तासांत किंवा एकदोन दिवसांत नजर जाऊ शकते. पूर्वी अशा रुग्णाला शिरेतून अँटिबायोटिक देत, गोळ्या देत, डोळ्याभोवती इंजेक्शन देत. तरी डोळे जायचे. कारण साधं आहे. रेटिनाच्या रक्तवाहिन्यांची भिंत औषधाला आत सहजी येऊ देत नाही. एरवी हा पहारा डोळ्याचं रक्षण करतो, पण जंतू आत गेले की तोच आड येतो.

मग औषध थेट गरातच का टोचू नये? विचार जुना होता, पण भीतीही रास्त होती. रेटिना अतिशय नाजूक. औषध जास्त झालं तर जंतूंबरोबर पडदाही मरेल. पेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात प्राण्यांच्या डोळ्यांवर एकेक अँटिबायोटिक घेऊन हे चिकाटीनं तपासलं. किती मात्रेत जंतू मरतात, किती मात्रेला पडद्याला इजा सुरू होते, औषध गरात किती तास टिकतं. कंटाळवाणं काम. यात एका दिवसात चमत्कार घडत नाही आणि वर्तमानपत्रात फोटोही येत नाही. पण आज जगभरात अशा संसर्गात जे करतात ते याच वाटेनं. आता सहसा दोन औषधं देतात, व्हँकोमायसिन १ मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडीम सव्वादोन मिलिग्रॅम. प्रत्येक औषध फक्त ०.१ मिलिलिटर पाण्यात, म्हणजे दोनेक थेंबांत. १९९५ मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या संसर्गात, डोळ्यात औषध टोचलेलं असताना, शिरेतून दिलेल्या अँटिबायोटिकनं जास्तीचा फायदा होत नाही, असं त्यात दिसलं.

मधुमेहामुळे रेटिनाला सूज आली की आता "डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल" असं डॉक्टर सहज सांगतात. घरोघरी कोणीतरी असं इंजेक्शन घेऊन आलेलं असतं. ती औषधं वेगळी, नंतरची, आणि ती शोधणारेही वेगळे. पण डोळ्याच्या गरात सुई घालून औषध ठेवता येतं, ते पडद्याला सोसतं आणि किती सोसतं हे मोजता येतं, हा भरवसा ज्यांनी मिळवून दिला त्यांच्यात पेमन यांचं नाव पुढे आहे.

दुसरं काम डोळ्यातल्या गाठींचं. रेटिनाच्या मागच्या थरात कर्करोगाची गाठ झाली तर तेव्हा डोळाच काढून टाकायची रीत होती. पेमन यांनी डोळ्याच्या भिंतीचा गाठ असलेला तेवढाच भाग कापून काढायचा आणि त्या जागी दुसरा तुकडा बसवायचा, अशी शस्त्रक्रिया विकसित केली. आधी लेसरनं गाठीभोवतीचा पडदा चिकटवून घ्यायचा, म्हणजे कापताना तो निसटत नाही. ही फार अवघड शस्त्रक्रिया आहे. पुढे किरणोत्सारी चकतीचे उपचार आले आणि तिची गरज कमी झाली. पण त्यामागचा स्वभाव लक्षात ठेवा : बिघाड जिथं आहे तिथंच जायचं आणि आजूबाजूच्या चांगल्या भागाला शक्य तितका धक्का लावायचा नाही.

याच स्वभावाचा माणूस १९७७ मध्ये सशांच्या कॉर्नियावर लेसर घेऊन बसला.

तो लेसर कार्बन डायऑक्साइडचा होता. अवरक्त किरणांचा, म्हणजे उष्णतेनं काम करणारा. कॉर्नियावर ठरावीक ठिकाणी चटके दिले तर त्याचा आकार बदलतो का, हे पाहायचं होतं. आकार बदलला, पण हवा तसा नाही, आणि चटक्याच्या जागी डाग राहिले. डोळ्यात फूल पडणं आपण म्हणतो ना, त्यातलाच प्रकार. चष्मा घालवायला जाऊन डोळ्यात फूल पाडणं हा कुठल्याच हिशेबानं परवडणारा सौदा नव्हे. प्रयोगाचा निबंध १९८० मध्ये छापून आला आणि इतर अनेक फसलेल्या प्रयोगांसारखा तो तिथंच पडून राहिला असता.

पेमन यांनी त्यातून दोन गोष्टी काढल्या. पहिली, न भाजता ऊती काढणारा लेसर मिळेपर्यंत थांबायला हवं. दुसरी, तसा लेसर मिळाला तरी तो वरच्या पृष्ठभागावर चालवू नये. आधी पापुद्रा उचलावा आणि त्याच्या खाली काम करावं. माझ्या मते लेसिकचा खरा शोध या दुसऱ्या वाक्यात आहे. पहिली गोष्ट तर कोणालाही सुचली असती.

दुसरीचं महत्त्व कळण्यासाठी कॉर्नियाचे थर पाहावे लागतील. सगळ्यात वर पेशींची पाचसहा थरांची त्वचा, जेमतेम ५० मायक्रॉन. ही खरचटली तर तीनचार दिवसांत भरून येते, पण तोवर डोळ्यातून घळाघळा पाणी आणि प्रचंड दुखणं. कॉर्नियातले बहुतेक मज्जातंतू इथंच संपतात. तिच्या खाली बोमन यांच्या नावाचा एक पातळ, टणक थर. तो एकदा गेला की परत येत नाही. त्याखाली स्ट्रोमा, म्हणजे कॉर्नियाची नव्वद टक्के जाडी. तंतूंचे शेकडो पदर एकावर एक. आकार बदलायचा तर माल काढायचा तो इथून.

आता वरची त्वचा खरवडली गेली की तिथून खालच्या स्ट्रोमातल्या पेशींना रासायनिक संदेश जातात : जखम झाली आहे, कामाला लागा. त्या पेशी जाग्या होतात, नवे तंतू विणतात. शरीरात इतरत्र हे वरदान आहे. कॉर्नियात मात्र घाईघाईनं विणलेले तंतू सरळ रांगेत बसत नाहीत, प्रकाश विखरतो आणि धुरकटपणा येतो. पापुद्रा तसाच राखून त्याच्या खाली लेसर चालवला, तर वरची त्वचा जवळपास अख्खी राहते. फक्त कडेनं एक गोल चीर. त्यामुळे दुखणं थोडं, नजर लवकर, आणि आत धोक्याची घंटा वाजते ती हळू आवाजात.

न भाजणारा लेसर पुढे आला तो डोळ्याच्या दवाखान्यातून नव्हे. तो आला आयबीएम या संगणक कंपनीच्या न्यूयॉर्क राज्यातल्या प्रयोगशाळेतून. तिथं रंगस्वामी श्रीनिवासन नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. जन्म मद्रासचा, सुरुवातीचं शिक्षण मद्रास विद्यापीठात. जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम या सहकाऱ्यांसोबत ते अतिनील किरणांच्या एक्सायमर लेसरवर काम करत होते. सेंद्रिय पदार्थावर, अगदी प्लॅस्टिकवरही, हा लेसर किती बारीक कोरतो हे त्यांना माहीत होतं. २७ नोव्हेंबर १९८१, अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंग सणाचा दुसरा दिवस. घरी उरलेलं टर्कीचं मांस श्रीनिवासन प्रयोगशाळेत घेऊन आले आणि त्यावर लेसर चालवला. कडा अगदी स्वच्छ निघाल्या. आजूबाजूला काळं नाही, करपलेलं नाही.

हे होतं कसं? या लेसरची तरंगलांबी १९३ नॅनोमीटर. इतक्या लहान तरंगलांबीच्या प्रकाशकणात रेणूंमधले बंध थेट तोडण्याएवढी ऊर्जा असते. पदार्थ तापून वितळत नाही. त्याचे तुकडे होऊन ते उडून जातात आणि उष्णता शेजारी पसरायच्या आत काम संपलेलं असतं. एका झटक्यात कॉर्नियाचा साधारण पाव मायक्रॉन निघतो. वर सांगितलेले ६० मायक्रॉन काढायचे तर अंदाजे अडीचशे झटके एकाच जागी. एवढं बारीक मोजून खरवडणारं हत्यार माणसाच्या हातात आधी कधी आलं नव्हतं.

पेमन यांच्या वाचनात श्रीनिवासन यांचं लिखाण १९८२ च्या सुमारास आलं आणि त्यांना हवा होता तो लेसर हाच, हे त्यांनी ओळखलं. पण तो लगेच हाताशी नव्हता. इतर लोकही स्वस्थ बसले नव्हते. न्यूयॉर्कचे स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्यासोबत प्राण्यांच्या कॉर्नियावर हा लेसर वापरून १९८३ मध्ये निबंध छापला. १९८८ मध्ये मार्गरिट मॅकडोनाल्ड यांनी न्यू ऑर्लिन्समध्ये एका बाईंच्या चांगलं दिसणाऱ्या डोळ्यावर हा लेसर वापरला. गाठीमुळे तो डोळा काढावाच लागणार होता आणि बाईंनी त्याआधी तो प्रयोगासाठी दिला. हे काम पृष्ठभागावरून होत होतं : त्वचा खरवडा, लेसर चालवा, त्वचा आपोआप भरू द्या. त्या पद्धतीला पीआरके म्हणतात. मोठे नंबर असले की दुखणं आणि धुरकटपणा, या दोन्ही तक्रारी तिच्या मागे होत्या.

पेमन यांनी अर्ज केला जुलै १९८५ मध्ये. पापुद्रा कापायचा, तो एका बाजूला जोडलेला ठेवून उलटायचा, उघड्या भागावर एक्सायमरनं हवा तो आकार कोरायचा आणि पापुद्रा परत. जून १९८९ मध्ये ४८४०१७५ क्रमांकाचं पेटंट मिळालं. आपल्याकडे हा अर्ज फेटाळला गेला असता, कारण भारताच्या पेटंट कायद्याचं कलम ३ शस्त्रक्रियेच्या पद्धतीवर पेटंट देऊच देत नाही. मला आपली रीत पटते. पण या बाबतीत एक फायदा झाला. कोणी, काय, कधी सुचवलं याची तारखेनिशी नोंद राहिली.

कारण त्याच १९८९ मध्ये ग्रीसच्या क्रीट बेटावर योआनिस पालिकारिस यांनी माणसाच्या डोळ्यावर पापुद्रा उचलून लेसर चालवला. आधीच आंधळ्या झालेल्या डोळ्यावर, म्हणजे काही बिघडलं तरी नुकसान नको. लेसिक हे नावही त्यांच्याच गटानं रूढ केलं. त्यामुळे लेसिकचा जनक कोण यावर नेत्रतज्ज्ञांत आजही दोन तट पडतात. माझं मत विचाराल तर भांडायचं कारण नाही. हत्यार बाराकेरांचं, लेसर श्रीनिवासन यांच्या चमूचा, तो कॉर्नियावर आणला ट्रोकेल यांनी, माणसावर पापुद्र्यासकट केलं पालिकारिस यांनी. पेमन यांच्या वाट्याला या सगळ्याची जुळणी येते, आणि तिचं कारण त्यांना आठ वर्षं आधी सशांनी शिकवलं होतं.

प्रत्यक्ष टेबलावर काय होतं? भूल फक्त थेंबांची. पापण्या मिटू नयेत म्हणून चिमटा. डोळा स्थिर धरणारी कडी बसवली की दाब वाढतो आणि काही सेकंद डोळ्यापुढे अंधारी येते. ही ठरलेली गोष्ट आहे, पण आधी सांगितलं नसेल तर माणूस घाबरतो. पापुद्रा पूर्वी ब्लेडनं कापत. २००० नंतर तेही काम दुसऱ्याच लेसरनं होऊ लागलं. हा फेम्टोसेकंद लेसर ठरलेल्या खोलीवर सूक्ष्म बुडबुड्यांची चादर तयार करतो आणि थर वेगळा होतो. मग डॉक्टर पापुद्रा उलटतात. एक्सायमर टकटक करत चालतो, केस जळल्यासारखा वास येतो आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास सगळं आटोपतं. डोळा जरा हलला तरी यंत्र मागोवा घेतं. पापुद्रा परत ठेवल्यावर टाका घालत नाहीत. कॉर्नियाच्या सगळ्यात आतल्या थरातल्या पेशी अहोरात्र पाणी बाहेर उपसत असतात आणि त्या ओढीनं तो चिकटून बसतो. म्हणूनच पहिले काही दिवस डोळा चोळायचा नाही, ही ताकीद खरोखरच्या धाकानं देतात.

त्याआधीचं गणित मात्र तुम्ही स्वतः करू शकता. समजा कॉर्नियाची जाडी ५४० मायक्रॉन आली. पापुद्रा ११० चा. मायनस ५ साठी लेसर काढणार सुमारे ६०. उरले ३७०. पापुद्र्याच्या खाली निदान २५० मायक्रॉन शिल्लक राहिलेच पाहिजेत असा संकेत आहे, बरेच डॉक्टर त्याहून जास्त ठेवतात. आता जाडी ४८० आणि नंबर मायनस ९ धरा. पापुद्र्याचे ११० गेले, लेसरचे जवळपास ११०, उरले २६०. कागदावर बसतं, पण शहाणा डॉक्टर इथं नको म्हणेल. जास्त पातळ केलेला कॉर्निया आतल्या दाबानं हळूहळू फुगतो आणि मग चष्म्यानंही नीट दिसत नाही. म्हणून दोन क्लिनिकमधल्या पॅकेजचे भाव विचारायच्या आधी जाडीचा आणि आकाराचा रिपोर्ट हातात घ्या. जो डॉक्टर "तुम्हाला लेसिक जमणार नाही" असं सांगतो त्याच्यावर रागवू नका.

पापुद्र्याखाली काम करायचा पेमन यांचा नियम सगळ्याच डोळ्यांना लागू पडला, असंही नाही. पापुद्रा कापताना मज्जातंतू कापले जातात, त्यामुळे काही महिने डोळे कोरडे पडतात, काहींना जास्त काळ. जोराचा मार लागला तर पापुद्रा वर्षांनंतरही सरकू शकतो. त्यामुळे पातळ कॉर्नियाच्या किंवा कुस्ती, बॉक्सिंग करणाऱ्या माणसाला डॉक्टर पुन्हा पृष्ठभागावरची जुनी पद्धतच सुचवतात. धुरकटपणा रोखायला आता त्यात औषध वापरतात. स्माइल नावाच्या नव्या पद्धतीत तर पापुद्राच नाही. आत भिंगाच्या आकाराची एक चकती कोरून ती छोट्या चिरेतून ओढून काढतात. गोष्ट फिरून बोगोटाच्या चकतीकडे गेली म्हणा ना, फक्त गोठवणं आणि शिवणं वजा.

१ फेब्रुवारी २०१३ रोजी व्हाइट हाउसमध्ये अमेरिकेचं तंत्रज्ञान आणि नवनिर्मितीचं राष्ट्रीय पदक दिलं गेलं. पदक मिळालेल्यांच्या यादीत घोलाम पेमन होते आणि रंगस्वामी श्रीनिवासन, जेम्स विन, सॅम्युएल ब्लम हेही. शिराझचा एक आणि मद्रासचा एक, एकाच कार्यक्रमात. लेसरच्या दोन वाटा जिथं मिळाल्या त्याचं श्रेय एकाच दिवशी दिलं गेलं, हे मला फार बरं वाटतं.

लेसिक करून घेतलेल्यांनी, किंवा घेणार असलेल्यांनी, तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लेसरनं कॉर्निया बदलतो, डोळ्याची लांबी नाही. मोठ्या मायनस नंबरच्या लांब डोळ्यात रेटिना ताणलेली, पातळ असते आणि चष्मा गेला तरी ती तशीच राहते. तिला भोक पडण्याची किंवा ती सुटण्याची भीती कायम असते. त्यामुळे पडद्याची तपासणी चालूच ठेवायची. डोळ्यापुढे एकाएकी पुष्कळ काळे ठिपके तरंगू लागले, वीज चमकल्यासारखं झालं किंवा कडेनं पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. दुसरं, चाळिशी लागायची ती लागतेच. जवळचं वाचायला लागणारा चष्मा आतल्या भिंगाच्या ताठरपणामुळे येतो, त्याचा कॉर्नियाशी संबंध नाही.

तिसरी गोष्ट बहुतेकांना कोणी सांगत नाही. पातळ झालेल्या कॉर्नियावर डोळ्याचा दाब मोजला तर तो खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. पुढे साठी-सत्तरीत मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या भिंगाचा नंबर कॉर्नियाच्या वक्रतेवरून काढतात. लेसिक झालेल्या डोळ्यात ते सूत्र चुकतं आणि ऑपरेशननंतर प्लसचा नंबर राहतो. आता त्यासाठी वेगळी सूत्रं आहेत, पण लेसरच्या आधीचा नंबर, कॉर्नियाची वक्रता आणि जाडी यांचे आकडे हाताशी असले तर हिशेब बराच नेमका जमतो. तेव्हा ती फाइल क्लिनिकमध्ये न ठेवता मागून घ्या, मोबाइलमध्ये फोटो काढा, आणि डोळ्याचा दाब कोणीही मोजायला घेतला की आधी सांगा : माझं लेसिक झालंय.